पेरलेलं मिश्रण आणि उरलेलं मिश्रण

अमेरिकेत ऑगस्ट उलटायला लागला की बियाण्यांच्या दुकानांत एक ठराविक पिशवी दिसू लागते. वर डौलदार शिंगांच्या नर हरणाचं चित्र, आणि खाली साधारण अशा अर्थाचा मजकूर: सात जातींचं (कधी नऊ, कधी बारा) खास मिश्रण, हरणांना हिवाळाभर चारा आणि तुमच्या जमिनीला सुपीकता. आज हा एवढाच दावा घेऊन बसायचं आहे. पिशवीवरची जाहिरात म्हणून सोडून द्यावा असा तो नाही. हाच दावा विस्तार विभागांच्या पुस्तिकांत सौम्य भाषेत येतो, शिकारविषयक मासिकांत संदर्भांसकट येतो, आणि संदर्भ दिले म्हणजे पुरावा झाला असं वाचणाऱ्याला वाटतं. पीएचडीच्या वाटेवर असलेल्या तुम्हाला तरी तसं वाटून चालणार नाही.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ, कारण आपल्याला ती थोडी उलटीच वाटते. आपल्याकडे रानडुक्कर आणि नीलगाय शेतात शिरू नये म्हणून शेतकरी मचाणावर रात्र काढतो. तिकडे माणसं स्वखर्चाने जंगलाच्या कडेला शेत तयार करतात, खत टाकतात, पेरतात, आणि हरणांनी येऊन ते खावं म्हणून वाट बघतात. याला फूड प्लॉट म्हणतात. आकार साधारण अर्ध्या एकरापासून काही एकरांपर्यंत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, बहुतेकदा खासगी जमिनीवर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइट-टेलची, शिकार होते. मुख्य हंगाम शरद ऋतूत येतो आणि हिवाळ्यात शिरतो. म्हणून पेरणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, जितकं उत्तरेला तितकी लवकर.

पेरतात काय? राय, ओट किंवा गहू यांपैकी एखादं तृणधान्य. (राय म्हणजे आपली राई नव्हे बरं का. गव्हाच्या कुळातलं, प्रचंड थंडी सोसणारं धान्य आहे ते.) त्याच्या जोडीला क्रिमसन क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमचा लाल फुलांचा भाऊ, थंडीतला वाटाणा, केसाळ व्हेच, आणि मोहरीच्या कुळातले मुळा, सलगम, रेप. ही सगळी मंडळी मुळात आच्छादन पिकं म्हणून शेतीशास्त्रात आली. मुख्य पीक निघाल्यावर जमीन उघडी पडू नये, पावसाने माती आणि नत्र वाहून जाऊ नये, तण दबावं, यासाठी. मृदा-आरोग्याची लाट आली तेव्हा फूड प्लॉटवाल्यांनी ती उचलली. एका दगडात दोन पक्षी: हरीणही पोसलं, मातीही पोसली.

अडचण नेमकी या जोडणीत आहे. तिच्याकडे वळण्याआधी दाव्याचा पहिला अर्धा भाग बघू: जाती जास्त, तर फायदा जास्त.

असा दावा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा, कशापेक्षा जास्त? मिश्रणाची तुलना करण्याच्या निदान दोन रीती आहेत. एक, मिश्रणातल्या प्रत्येक जातीचं एकटीचं उत्पादन काढा, त्याची सरासरी घ्या आणि मिश्रण त्या सरासरीपेक्षा वर गेलं का ते पाहा. दोन, त्यातल्या सगळ्यात चांगल्या एकट्या जातीपेक्षा मिश्रण वर गेलं का ते पाहा. पहिली परीक्षा पास होणं सोपं आहे, दुसरी अवघड. पण शेतकऱ्यासमोर किंवा फूड प्लॉटवाल्यासमोर खरा पर्याय दुसराच असतो. त्याला सरासरी पीक पेरायचं नसतं, सगळ्यात चांगलं चालणारं पेरायचं असतं. एकटी राय एकरी स्वस्तात येत असेल, तर बारा जातींच्या महाग पिशवीने रायला हरवलं पाहिजे, रायच्या आणि एका मरतुकड्या जातीच्या सरासरीला नव्हे.

कृषी विद्यापीठातून आलेल्यांना हे नवं नाही. आंतरपिकाच्या प्रयोगात जमीन समतुल्य गुणोत्तर तुम्ही काढलेलं असेल. हे गुणोत्तर रुळवण्यात हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या विली यांचा मोठा वाटा आहे, आणि ज्वारी-तूर हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. ज्वारी-तुरीत हे गुणोत्तर एकाच्या वर जातं त्याला ठोस कारण आहे: ज्वारी आधी वाढून निघून जाते, तूर सावकाश येते आणि मागून जागा व्यापते. दोघींच्या गरजांच्या वेळा वेगळ्या. शिवाय शेतकऱ्याला दोन्ही हव्या असतात, भाकरीलाही आणि डाळीलाही, म्हणून तिथे ते गुणोत्तर बरोबर प्रश्नाचं उत्तर देतं. बारा जातींच्या पिशवीसाठी विचारायचं ते हेच. या बारा जणांच्या वेळा, मुळांची खोली, नत्राची गरज खरोखर वेगळी आहे, की पिशवीवर नावं वाढावीत म्हणून तीन प्रकारचे सलगम भरले आहेत?

परिसंस्थाशास्त्रात हा वाद मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे आणि तो वाचल्याशिवाय या विषयात लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे डेव्हिड टिल्मन आणि सहकाऱ्यांनी १९९४ पासून गवताळ वनस्पतींचे १६८ तुकडे लावले. कुठे एक जात, कुठे दोन, चार, आठ, सोळा. जाती वाढल्या तसं सरासरी उत्पादन वाढलं. मृदा-आरोग्याच्या भाषणांत हा आलेख हमखास दिसतो. पण अशा प्रयोगांवर मायकल ह्यूस्टन यांनी १९९७ साली घेतलेला आक्षेप त्या भाषणांत सहसा दिसत नाही. यादृच्छिकपणे जाती निवडल्या तर सोळा जातींच्या तुकड्यात एखादी जोमदार जात येण्याची शक्यता एका जातीच्या तुकड्यापेक्षा खूप जास्त. ती आली की तीच तुकडा व्यापते आणि श्रेय विविधतेला मिळतं. पुढे २००१ मध्ये लोरो आणि हेक्टर यांनी या दोन परिणामांना, म्हणजे जोमदार जात हाती लागणं आणि जातींनी एकमेकींना पूरक ठरणं यांना, गणिताने वेगळं काढण्याची रीत दिली. सीडर क्रीकचीच पुढची वर्षं पाहिली तर पूरकतेचा वाटा वाढत गेला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती बहुवर्षायू वनस्पतींची, वर्षानुवर्षं एकाच जागी मुरलेली वस्ती होती. सप्टेंबरात पेरून मेमध्ये आडव्या होणाऱ्या पिकाला तेवढा अवकाश कुठून मिळणार?

आणि आच्छादन पिकांवरचा थेट पुरावा काय म्हणतो? फ्लॉरेन्स आणि मॅग्वायर यांनी २०२० मध्ये अ‍ॅग्रोनॉमी जर्नलमध्ये एक पद्धतशीर आढावा छापला. जिथे मिश्रण आणि त्यातल्या जाती एकेकट्या, असं दोन्ही एकाच प्रयोगात होतं, असे अभ्यास त्यांनी वेचले आणि सर्वोत्तम मिश्रणाची तुलना सर्वोत्तम एकट्या जातीशी केली. बहुसंख्य तुलनांत फरकच सापडला नाही, आणि सापडला तिथे एकट्या जातीचं पारडं जास्त वेळा जड होतं. पेनसिल्व्हेनियात फिनी, व्हाइट आणि के यांचा २०१६ चा प्रयोग जास्त शिकवणारा आहे. तण दाबणं आणि नत्र धरून ठेवणं ही कामं पिकाच्या एकूण जैवभाराशी बांधलेली निघाली. मात्र कर्ब-नत्र गुणोत्तर चढलं की पुढच्या मक्याला मिळणारा नत्र घटला. म्हणजे एक फायदा वाढवायला गेलं की दुसरा कमी होतो. फिनी आणि के यांनीच २०१७ मध्ये याची दुसरी बाजूही मांडली: अनेक कामं एकत्र मोजली तर कामाच्या दृष्टीने वेगवेगळ्या जाती एकत्र आणण्याने मदत होते. म्हणजे नावं किती यापेक्षा भूमिका किती, हे बघायचं. राय, क्लोव्हर आणि मुळा हे तिघं मिळून एका अर्थाने नऊ जणांपेक्षा 'विविध' असू शकतात.

इथे एक छोटी, पण फार उपयोगी तपासणी. अमेरिकेत पिशवीच्या लेबलवर घटकांचं प्रमाण वजनाने दिलेलं असतं. रायचे एका पौंडात साधारण १८ हजार दाणे भरतात, क्रिमसन क्लोव्हरचे जवळपास दीड लाख. ५० पौंडांच्या पिशवीत ४० पौंड राय आणि ५ पौंड क्लोव्हर असेल, तर वजनाने ऐंशी आणि दहा टक्के. दाण्यांनी मोजलं तर राय ७ लाख २० हजार आणि क्लोव्हर साडेसात लाख! म्हणजे क्लोव्हर किंचित जास्तच. वरून क्लोव्हरच्या बियाण्यावर लेप असेल तर वजनातला काही भाग बियाणं नसतंच. पेपरमध्ये 'मिश्रणात १० टक्के क्लोव्हर' असं वाचलं की टक्के कशाचे, हे शोधा. पद्धतींच्या भागात ते दिलेलं नसेल तर त्या पेपरचे मिश्रणाविषयीचे निष्कर्ष जपून वापरा.

पेरणीची खोली हा दुसरा मुद्दा. क्लोव्हरला पाव इंचाच्या खाली गाडलं तर उगवण मार खाते. वाटाण्याला इंच-दीड इंच हवं. राय मध्ये कुठेतरी. सगळं एकाच पेटीतून, एकाच खोलीवर, एकाच दिवशी पेरलं तर कुणावर तरी अन्याय ठरलेला. तारखेचंही तेच. उत्तरेकडे मोहरीवर्गीयांना कडाक्याच्या थंडीआधी दीड-दोन महिने हवेत. राय सप्टेंबरच्या शेवटीही जमून जाते. 'मिश्रण अयशस्वी झालं' या वाक्यामागे कितीदा फक्त पेरणीची तडजोड असते! आणि उलटंही: 'मिश्रण यशस्वी झालं' या वाक्यामागे एकरी जास्त बियाणं असू शकतं. मिश्रणात प्रत्येक जातीचा दर कमी करून एकूण घनता तेवढीच ठेवली, की प्रत्येकीचा दर जवळपास पूर्ण ठेवून वर वर टाकत गेले? डच शास्त्रज्ञ दे विट यांनी १९६० मध्येच हा बदली-पद्धत आणि भर-पद्धत यांतला फरक कामाला घेतला होता. आजही कित्येक प्रात्यक्षिकांत तो पुसलेला दिसतो.

आता दाव्याचा दुसरा अर्धा भाग: हरणांना हे आवडतं.

इथे मोजमापाची गंमत सुरू होते. फूड प्लॉटमध्ये हरणांनी किती खाल्लं हे मोजायची रूढ रीत म्हणजे जाळीचा पिंजरा. गोल केलेली लोखंडी जाळी जमिनीत ठोकायची. आतलं पीक हरणाला मिळत नाही, बाहेरचं मिळतं. काही आठवड्यांनी आत आणि बाहेर सारख्याच मापाच्या चौकटीतलं पीक कापायचं, वाळवायचं, तोलायचं. फरक म्हणजे खाल्लेलं. स्वस्त आणि समजायला सोपं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशोबासाठी. नोव्हेंबरअखेर पिंजऱ्याच्या आत दर चौरस मीटरला वाळलेलं वजन: राय २०० ग्रॅम, क्लोव्हर ६०, मुळा १४०. एकूण ४००. बाहेर: राय १६०, क्लोव्हर १०, मुळा १३५. एकूण ३०५. आता अहवाल लिहा बघू. 'मिश्रणाचा जवळपास पाव भाग हरणांनी खाल्ला' हे वाक्य खरं आहे आणि जवळपास निरुपयोगीही आहे. त्याच्या आत काय घडलं? रायचा पाचवा हिस्सा गेला, मुळ्याला जेमतेम तोंड लावलं, आणि क्लोव्हर सहापैकी पाच भाग साफ. शेताच्या कडेला उभं राहून फोटो काढला तर हिरवागार मुळा दिसतो, आणि बघणारा म्हणतो, वा, मुळा काय झालाय! तो तसा दिसतोय कारण हरणांनी तो नाकारलाय. उभ्या पिकाच्या उंचीवरून फूड प्लॉटला गुण देणं म्हणजे पंगतीत कुठलं पातेलं भरलेलं उरलं यावरून स्वयंपाक जोखणं.

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजी पेपरांतसुद्धा त्यांची सरमिसळ होते. उपलब्धता, म्हणजे समोर काय होतं. वापर, म्हणजे काय खाल्लं गेलं. आणि पसंती, म्हणजे उपलब्धतेच्या मानाने काय जास्त खाल्लं. वर ग्रॅममध्ये राय आणि क्लोव्हर यांच्यात फार अंतर नाही, ४० आणि ५०. पसंतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्यात पसंती हा काही जातीचा जन्मजात गुण नव्हे. शेजारी काय वाढून ठेवलंय त्यावर ती बदलते. एकाच शेतात सात जातींच्या सात पट्ट्या लावून 'हरणांना कोणती आवडते' हे बघितलं, तर उत्तर त्या सातांपुरतं, त्या महिन्यापुरतं आणि त्या कळपापुरतं असतं. शिवाय कळप एकच. सातही पट्ट्यांवर तीच आठ-दहा हरणं फिरत असतील तर पट्ट्या कितीही वाढवल्या तरी स्वतंत्र निरीक्षणं वाढत नाहीत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये छद्म-पुनरावृत्तीवर जो पेपर लिहिला तो तुम्ही वाचला नसेल, तर हा ब्लॉग इथेच बंद करून आधी तो वाचा. सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचलेला बरा. व्हायवाच्या आदल्या रात्री वाचला तर झोप उडते.

पिंजऱ्याचेही आपले दोष आहेत. आतलं पीक न चरलेलं असल्यामुळे त्याची वाढ बाहेरच्यासारखी नसते. गवतवर्गीय पीक चरल्यावर पुन्हा फुटतं, आणि ते नवं फुटलेलं पुन्हा खाल्लं गेलं तर आत-बाहेरच्या फरकात ते दिसतच नाही. म्हणून पिंजरे थोड्या-थोड्या दिवसांनी हलवावे लागतात. एकाच जागी तीन महिने ठेवलेल्या पिंजऱ्याचे आकडे शंकेनेच वाचायचे. जाळीच्या घरांचं माप बघून ससा आत जाऊ शकतो का, हेही विचारायचं.

ट्रेल कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. शंभर फोटो म्हणजे शंभर हरणं नव्हेत. नर शिंगांवरून ओळखता येतो. मादी आणि पाडसं बहुतेकदा येत नाहीत. आणि फोटोत आलेलं हरीण खातच असतं असंही नाही.

ओकच्या फळांचा मुद्दा मात्र सोडता येणार नाही. शरदात पांढऱ्या ओकची फळं गळायला लागली की हरणं हिरवीगार शेतं सोडून झाडाखाली जातात. ओकचं फळणं दरवर्षी सारखं नसतं. एखाद्या वर्षी सडा पडतो, पुढच्या वर्षी नावाला. याचा अर्थ असा की एका वर्षाच्या फूड प्लॉट प्रयोगात 'मिश्रणाचा परिणाम' म्हणून जे दिसतं त्यात शेजारच्या जंगलाचा हंगाम मिसळलेला असतो. ओकची फळं न मोजता केलेली एका हंगामाची तुलना वाचली की मी समासात प्रश्नचिन्ह करते आणि पुढे जाते.

आता ती जोडणी. दाव्याच्या पहिल्या अर्ध्याचा पुरावा कुठून येतो? शेतीशास्त्राच्या प्रयोगक्षेत्रांतून. तिथे हरणांनी पीक खाणं हा अपघात असतो. कुंपण घालतात किंवा नुकसान झालेला तुकडा विश्लेषणातून काढून टाकतात. दुसऱ्या अर्ध्याचा पुरावा येतो वन्यजीवशास्त्रातून. तिथे चारा, प्रथिनं, वापर हे सगळं मोजतात. मातीतला नत्र, गळ, पुढच्या पिकाचं उत्पादन सहसा मोजत नाहीत, कारण तो त्यांचा प्रश्न नव्हे. दोन्हीकडचे पेपर आपापल्या जागी चांगले असू शकतात. पण पिशवीवरचं वाक्य या दोघांना 'आणि' या एका अव्ययाने जोडतं, आणि त्या 'आणि'साठी कुणी पुरावा देत नाही. शेतीशास्त्राने हरीण बाहेर ठेवून जे सिद्ध केलं, ते हरणाला आमंत्रण देऊन उभारलेल्या शेताला लावलं जातं.

वरचं कल्पित उदाहरण पुन्हा बघा. पेरताना आणि पिंजऱ्यात वाढताना क्लोव्हरचा वाटा वजनाने १५ टक्के होता. बाहेर तो ३ टक्क्यांवर आला. मातीला जे मिळणार ते बाहेरचं मिश्रण, आतलं नव्हे. मिश्रणाच्या जाहिरातीतला सगळा नत्राचा हिशोब ज्या द्विदलांवर उभा आहे तीच हरणांची सगळ्यात आवडती. थंडीतल्या वाटाण्याचं तर असं की हरणांची दाटी असलेल्या ठिकाणी तो रोपावस्थेतच फस्त होतो, आणि शेंडा खुडलेला वाटाणा क्लोव्हरसारखा बुडातून सहज सावरत नाही. अमेरिकेच्या नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेच्या तक्त्यात हेअरी व्हेचचं कर्ब-नत्र गुणोत्तर ११ आहे, कोवळ्या रायचं २६, फुलोऱ्यातल्या रायचं ३७ आणि रायच्या वाळल्या काडाचं ८२. मातीतल्या सूक्ष्मजीवांना साधारण २४ मानवतं. म्हणजे व्हेच आणि राय मिळून जमिनीत जे घडायला हवं, ते व्हेच पोटात गेल्यावर उरलेल्या रायकडून घडेलच असं गृहीत धरता येत नाही. राय मेपर्यंत वाढू दिली तर उलट काही काळ मातीतला नत्रच अडकतो.

आता तुमच्यातला चिकित्सक म्हणेल, थांबा, हरणांनी चरलेली राय पुन्हा कोवळी फुटते, तिचं गुणोत्तर कमीच राहील. बरोबर. क्लोव्हरही हिवाळ्यात खाल्लं गेलं तरी वसंतात जंगल हिरवं झालं आणि हरणं पांगली की पुन्हा उठू शकतं, आणि त्याचा बहुतेक नत्र वसंतातल्या वाढीतच जमतो. हाही मुद्दा बरोबर. शिवाय हरीण शेतात लेंड्या टाकतं, म्हणजे काहीतरी परत येतं. पण ते रवंथ करायला झाडीत जाऊन बसतं आणि काही भाग तिथेच पडतो. कुंपणात बांधलेल्या गाईचा हिशोब त्याला लावता येत नाही. आच्छादन पिकांवर गुरं चारण्याचे प्रयोग आहेत आणि ते वाचावेत. मात्र गुरं कधी सोडायची, किती सोडायची, कधी काढायची हे माणूस ठरवतो. हरणांचा दाब शेजारच्या जंगलावर, ओकवर आणि पलीकडच्या जमीनमालकाने काय पेरलंय यावर ठरतो. या सगळ्या शक्यता एकमेकींविरुद्ध ओढतात. म्हणूनच हा प्रश्न तर्काने मिटत नाही, शेतात मोजावा लागतो. आणि म्हणूनच तो चांगला संशोधनप्रश्न आहे.

तसा प्रयोग कसा दिसेल? प्रत्येक जात एकटी आणि मिश्रण, दोन्ही हवं. प्रत्येक तुकड्याचा एक भाग पूर्ण हंगाम कुंपणात, एक भाग उघडा, आणि उघड्या भागात वापर मोजायला हलते पिंजरे. कुंपणाचा कायमचा भाग आणि हलते पिंजरे ही दोन वेगळी कामं आहेत, एकात दुसरं उरकायचं नाही. पुनरावृत्ती एका शेतात नाही, तर एकमेकांपासून दूर असलेल्या जागांवर, जिथे कळप वेगळे असतील. मादीचा वावर काही शेकडो एकरांत असू शकतो आणि नराचा त्याहून जास्त, त्यामुळे 'दूर' म्हणजे पलीकडचं कुंपण नव्हे. निदान दोन-तीन वर्षं, म्हणजे ओकचं एखादं बरं आणि एखादं वाईट वर्ष सापडेल. आणि एप्रिलमध्ये, पीक संपवण्याआधी, दोन्ही भागांतला जैवभार जातवार वेगळा करून तोलायचा, त्यातला नत्र काढायचा, पुढच्या पिकापर्यंत मातीतला खनिज नत्र बघायचा. यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे ओल्या ढिगातून क्लोव्हर आणि व्हेच हाताने वेगळे करणं. एकूण जैवभार तोलून मोकळं होण्याचा मोह तिथेच होतो, आणि तिथेच सगळी माहिती हरवते.

एवढी टीका करून मी मिश्रणांच्या विरोधात आहे असं समजू नका. पाऊस कधी येईल, पहिला कडाका कधी पडेल हे माहीत नसताना दोन-तीन वेगळ्या स्वभावाच्या जाती पेरणं हा शहाणपणा आहे. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना तो कुणी पेपरातून शिकवलेला नाही. ओट लवकर वाढतो आणि कडाक्यात मरतो, राय मागे राहून वसंतात जमीन झाकते, क्लोव्हर शेवटी येतं. ही साखळी तर्काला धरून आहे. माझा आक्षेप त्या 'आणि'ला आहे, आणि तो ज्या सहजतेने पुस्तिकेतून मासिकात, मासिकातून पिशवीवर, आणि तिथून कुणाच्या तरी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात पोचतो, त्याला.

शिवाय चूक झाली तर भुर्दंड फक्त बियाण्याच्या पैशांचा नसतो. हरणांना एका जागी गोळा करणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉनमुळे होणारा, इलाज नसलेला रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या जंगली हरणांत सापडला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. प्रायॉन लाळेतून, विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून कित्येक राज्यांनी मक्याचे ढीग टाकून हरणांना बोलावण्यावर बंधनं घातली. पेरलेल्या शेताला मात्र सहसा वेगळं धरलं जातं. पसरलेल्या पिकावर तोंडाला तोंड कमी लागतं, असा त्यामागचा विचार. तो ग्राह्य धरायचा, तर हरणं शेतात पसरून खातात की क्लोव्हरच्या चार ठिगळांवर एकत्र येतात, हेही मोजायला हवं. म्हणजे पुन्हा मुद्दा तिथेच आला: कुठली जात, कुठे, किती खाल्ली.

या विषयावरचा पुढचा पेपर हातात आला तर सारांश वाचू नका. थेट पद्धतींच्या भागात जा आणि कुंपण होतं का ते शोधा. मग कापलेलं पीक जातवार तोललं की एकत्र, ते बघा. या दोन ओळी सापडायला पाच मिनिटं लागतात. सापडल्या तर पेपर नीट बसून वाचा. 'हरणांमुळे तिसऱ्या तुकड्याचे आकडे वगळले' असं तळटीपेत सापडलं, तर ती तळटीप जपून ठेवा. त्या वगळलेल्या तुकड्यात बहुधा तुमचा प्रबंध आहे.